इंदूरचे खत आणि वाडांचे नाव

काही वर्षांपूर्वी आतेबहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी इंदूरला जाण्याचा योग आला. मडगावहून मुंबई आणि मुंबईहून रात्रीची अवंतिका एक्सप्रेस असा प्रवास करून सकाळी इंदूरला उतरलो. पोहे-जिलबी झाली, राजवाडा पाहिला, रात्री सराफ्यातले खाणे झाले. गोव्याच्या मराठी माणसाला इंदूरचे मराठी ऐकताना गंमत वाटते आणि जिव्हाळाही वाटतो. आपल्या मराठीत जसा कोकणीचा ओलावा येतो, तसा त्यांच्या मराठीत हिंदीचा. दोघेही मराठीच्या अंगणाच्या कडेला राहणारे. दोघांनाही आपली मराठी 'शुद्ध' नाही असे कुणी ना कुणी ऐकवलेले असते.

लग्न आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईचे सासरे मला म्हणाले, "चला, तुम्हाला एक जागा दाखवतो. देवळे, छत्र्या सगळेच दाखवतात. ही कुणी दाखवणार नाही." आबांचे वय ऐंशीच्या आसपास, चालणे मात्र माझ्यापेक्षा चपळ. मला वाटले होते एखादा जुना वाडा असेल. आबांनी मला नेले ते शेतकी कॉलेजाच्या बाजूला. भोवती शहराचा गजबजाट आणि मध्ये काळ्या मातीची मोकळी शेते. आबा रस्त्याच्या कडेला थांबले आणि म्हणाले, "मी इथे शिकलो. आणि जगातले अर्धे सेंद्रियवाले ज्याचे नाव घेतात ना, ते इंदूर खत इथले."

खरे सांगतो, मी कला शाखेचा पदवीधर. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. इंदूर म्हटले की अहिल्याबाई, मल्हारराव, फार तर साहित्य संमेलने, एवढेच मला ठाऊक. खताचा आणि माझा संबंध लहानपणी गावच्या कुळागरात शेणाच्या पाट्या उचलण्यापुरता. पण आबांच्या त्या एका वाक्याने मला चाळा लागला. गोव्यात परतल्यावर मिळेल ते वाचत गेलो. त्या वाचनातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो आहे. एखाद्या विद्यासंस्थेत नवा माणूस येतो तेव्हा काय घडते, आणि तिथून बाहेर पडलेली माणसे तिचे पुढे काय करतात, असे दोन प्रश्न या गोष्टीत आहेत.

गोष्ट सुरू होते १९०५ साली, बिहारमधल्या पुसा येथे. सरकारने तिथे शेतकी संशोधनाची मोठी संस्था काढली होती. तिच्यात वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज आला. १८७३ साली श्रॉपशायरमधल्या शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला. त्याची पत्नी गॅब्रिएल हीसुद्धा केंब्रिजची वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाच्या नव्या जाती तयार केल्या आणि 'पुसा' हे नाव गव्हाच्या पिशव्यांवर नेऊन बसवले. पुढे गॅब्रिएललाही सरकारने स्वतंत्र हुद्दा दिला. त्या काळी एका बाईला असा हुद्दा मिळणे ही लहान बाब नव्हती.

पण पुसाला हॉवर्डचे मन रमले नाही. त्याची तक्रार सरकारी नोकरीतल्या कुणालाही चटकन कळेल. पिकावर बुरशी पडली की ते बुरशीवाल्यांचे काम, कीड पडली की कीटकवाल्यांचे, माती रसायनवाल्यांची, बियाणे वनस्पतिवाल्यांचे. प्रत्येकाचे खाते वेगळे, फाईल वेगळी. रोप मात्र एकच, आणि ते एकाच मातीत उभे. ते समग्र पाहण्याचे काम कुणाच्याच टेबलावर नाही. एखादा अर्ज चार खात्यांतून फिरताना अर्जदाराचे काय होते हे आम्ही रोज पाहतो. हॉवर्डच्या मते शेतातल्या रोपाचे तसे होत होते.

त्याला अशी संस्था हवी होती जिथे रोप हा केंद्रबिंदू असेल आणि बाकीची शास्त्रे त्याच्या भोवती येतील. ती संधी त्याला इंदूरने दिली. कापसाच्या संशोधनासाठी इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी नुकतीच स्थापन झाली होती. तिचे अनुदान आणि मध्य भारतातल्या संस्थानांची वर्गणी यांतून १९२४ साली इंदूरला 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' उभी राहिली. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. त्या वेळी गादीवर तिसरे तुकोजीराव होते. हॉवर्ड संस्थेचा पहिला संचालक झाला. कापसावर मूलभूत संशोधन करायचे, विद्यापीठांतून बाहेर पडलेल्या पदवीधरांना प्रत्यक्ष शेतात तयार करायचे आणि वर्गणीदार संस्थानांना शेतीचा सल्ला द्यायचा, असा तिचा तिहेरी हेतू होता.

माळव्याची काळी माती आपल्या गोव्याच्या तांबड्या मातीहून अगदी निराळी. पावसात ती चिखल होऊन बसते, तिच्यात हवा खेळत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. नव्या संचालकाने प्रथम बियाण्याकडे न जाता पाण्याच्या निचऱ्याकडे आणि मुळांकडे लक्ष दिले. पावसाळ्यात कापूस पिवळा का पडतो याचे कारण पानात न शोधता जमिनीखाली शोधले. तिथून तो मातीतल्या सेंद्रिय अंशाकडे वळला. शेतात काडीकचरा भरपूर, पण तो नुसता पुरला तर कुजताना मातीतले नत्र स्वतःच खाऊन टाकतो. शेण थोडे, त्यातलेही बरेचसे गोवऱ्या होऊन चुलीत जाते. मग खत आणायचे कुठून?

इथे या गोष्टीत यशवंत वाड येतात.

१९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'शेतीतील टाकाऊ पदार्थ : ह्युमस म्हणून त्यांचा उपयोग' असा होतो. इंदूर पद्धतीचे हे मूळ पुस्तक. त्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत : आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेतले रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक, एम.एस्सी. झालेले. नाव आणि आडनाव दोन्ही आपल्या ओळखीचे. पेशव्यांच्या रोजनिशींतून निवडक उतारे काढणारे गणेश चिमणाजी वाड इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माहीत असतातच.

पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि सुमारे २ फूट खोल असा उतरत्या कडांचा खड्डा घ्यायचा. त्यात काडीकचरा, पालापाचोळा, गुरांखालचे अंथरूण यांचा थर द्यायचा. त्यावर शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख पाण्यात कालवून शिंपडायची. असे थरावर थर. पाणी बेताचे, दाबून भरायचे नाही, आत हवा खेळली पाहिजे. मग तीन वेळा ढीग उलटायचा : सुमारे १६ दिवसांनी पहिल्यांदा, महिन्याने दुसऱ्यांदा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा. तीन महिन्यांत खत तयार. आणि आपल्यासारख्यांना महत्त्वाचे म्हणजे पावसाळ्यात खड्डा वापरायचा नाही. पाणी साचून आतली हवा कोंडते. तेव्हा जमिनीवरच ढीग रचायचा.

यात नवे ते काय, असे तुम्ही विचाराल. आमच्या गावच्या म्हाताऱ्यांनी तर विचारलेच असते. शेण, पाला, राख हे आपल्याकडे माडाच्या आळ्यात पिढ्यान्‌पिढ्या पडत आले आहे. हॉवर्डनेही हे आपण शोधले असा आव आणला नाही. चीनमधले शेतकरी हजारो वर्षे काडीकचरा कुजवून जमिनीला परत देत आले, हे त्याने एफ. एच. किंग या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९११ सालच्या पुस्तकात वाचले होते. भारतातल्या शेतकऱ्याला तर तो आपला गुरूच म्हणे. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला गुरांशिवाय, रसायन घालून पेंढा कुजवण्याचे प्रयोग झाले होते, तेही त्याला माहीत होते.

नवे होते ते मोजमाप. कचरा कुजतो म्हणजे नेमके काय होते, कितव्या दिवशी ढीग किती तापतो, आधी बुरशी काम करते की जिवाणू, कधी उलटले तर नत्र उडून जात नाही, राख घातल्याने आंबटपणा किती मरतो, या सगळ्याची नोंद ठेवावी लागली. सुरुवातीला मिश्रणात नत्राच्या एका भागाला कर्बाचे सुमारे ३३ भाग असावेत, आणि खत तयार होते तेव्हा ते प्रमाण १० च्या आसपास येते, हा हिशेब रसायनशाळेतून आला. हा हिशेब हाती आला म्हणून आजीच्या उकिरड्याला पद्धत हे नाव मिळाले. ती पद्धत कागदावर लिहून दुसऱ्या देशात पाठवता येऊ लागली. आणि संस्थेतले रसायनशास्त्राचे टेबल वाडांचे होते.

कचेरीत वीसेक वर्षे काढलेल्या माणसाला या ठिकाणी थांबावेसे वाटते. आमच्याकडे टिपण कारकून लिहितो, आकडे कारकून जुळवतो, जुन्या फाईलींतून संदर्भ कारकून काढतो. मग ते कागद वर जातात आणि सही होऊन खाली येतात. निर्णय साहेबांचा असतो. त्यात गैर काही नाही, जबाबदारीही त्यांचीच असते. पण ज्याने आकडे जुळवले त्याचे नाव फाईल बंद होताच पुसले जाते. १९३१ साली, गोऱ्या संचालकाच्या संस्थेत, एका हिंदी साहाय्यकाचे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर संचालकाच्या बरोबरीने छापले गेले, ही मला साधी गोष्ट वाटत नाही. हॉवर्डचा हा मोठेपणा मान्य केलाच पाहिजे.

त्याने मजुरांचीही कदर केली. संस्थेच्या कामावर १९२९ साली हॉवर्ड दांपत्याने जे पुस्तक लिहिले त्यात शेतमजुरांवरही लिहिले आहे. मजुरी वेळेवर द्यायची, कामाचे तास बेताचे ठेवायचे, राहायला नीट जागा द्यायची, औषधपाण्याची सोय करायची. असे केले की माणसे टिकतात आणि काम चांगले होते, हा त्यांचा अनुभव. संशोधनाच्या ग्रंथात मजुरीचा विषय आणणारे शास्त्रज्ञ आजही थोडेच असतील.

मात्र हॉवर्डचे सगळेच डोळे झाकून घेऊ नये. चांगल्या मातीतल्या चाऱ्यावर वाढलेल्या आपल्या बैलांना शेजारच्या आजारी गुरांचा लाळ-खुरकत लागला नाही, असे तो लिहितो. हे त्याचे निरीक्षण होते. त्याला आजच्या अर्थाने प्रयोग म्हणता येणार नाही, आणि त्यावर विसंबून कुणी गुरांना लस टोचणे थांबवले तर ते महागात पडेल. उतारवयात त्याची मते अधिक कडवी होत गेली, रासायनिक खतांवर तो तुटून पडू लागला. पण इंदूरच्या खड्ड्यातले मोजमाप त्याच्या मतांवर अवलंबून नाही. ते कुणीही पुन्हा करून पाहावे आणि तसेच यावे, असे आहे.

१९३० साली गॅब्रिएल वारली आणि १९३१ साली हॉवर्ड इंदूर सोडून गेला. विद्यासंस्थांच्या आयुष्यात हा कसोटीचा क्षण असतो. मोठा माणूस गेल्यावर काम त्याच्याबरोबर जाते की मागे राहते? इंदूरला ते राहिले. नवे संचालक जॅक्सन आले, वाड होतेच. या दोघांनी मिळून इंदूर पद्धत शेतातून वस्तीत आणली. घरांचा केरकचरा आणि मैला यांची विल्हेवाट याच पद्धतीने, रोगराई न पसरवता कशी लावता येईल, याचे प्रयोग त्यांनी इंदूर परिसरात केले. १९३४ साली त्यावरचा त्यांचा लेख 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये आला. शेतकी संस्थेतल्या माणसांचा लेख वैद्यकीय नियतकालिकात! खात्यांच्या भिंती पाडण्याचे जे स्वप्न हॉवर्डने पुसाला पाहिले होते, ते त्याच्या पश्चात असे खरे झाले.

१९३५ हे वर्ष इंदूरच्या इतिहासात गर्दीचे आहे. त्या वर्षी औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन इंदूरला झाले. त्याच वर्षी हिंदी साहित्य संमेलनही इंदूरला भरले आणि अध्यक्ष होते महात्मा गांधी. एप्रिलमधल्या त्या मुक्कामात गांधीजी वेळ काढून प्लँट इंडस्ट्रीच्या संस्थेत गेले आणि खत कसे करतात ते त्यांनी पाहिले. भाषेच्या उत्सवाला आलेला पाहुणा खताचा खड्डा पाहायला गेला, हे गांधीजींनाच शोभणारे. ग्रामोद्योगाचे काम त्यांनी नुकतेच हाती घेतले होते, आणि ज्या गावाला दुसरे काही परवडत नाही त्यालाही हे परवडणारे होते.

पुढे हॉवर्डने १९४० साली 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' हा ग्रंथ लिहिला आणि तो जगभर गेला. आसामातले चहामळे, केनियातले कॉफीचे मळे यांनी इंदूर पद्धत उचलली होतीच. अमेरिकेत रोडेल यांनी १९४२ साली सेंद्रिय शेतीचे मासिक काढले, इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बॅल्फर यांनी १९४३ साली पुस्तक लिहिले आणि १९४६ साली 'सॉइल असोसिएशन' ही संस्था उभी राहिली. या सगळ्यांच्या बोलण्यात 'इंदूर' हा शब्द आला. माळव्यातले एक शहर जगाच्या शेतीच्या कोशात जाऊन बसले. पण त्या शब्दामागची दोन नावे हळूहळू एक झाली. बहुतेक ठिकाणी 'हॉवर्डची इंदूर पद्धत' एवढेच उरले. वाड तळटीपेत गेले आणि पुष्कळदा तिथेही राहिले नाहीत.

याचा दोष हॉवर्डला देता येणार नाही. त्याने नाव छापले होते, १९४० च्या ग्रंथातही जॅक्सन आणि वाड यांच्या कामाचा उल्लेख केला होता. दोष नंतर वाचणाऱ्यांचा आहे, आणि त्यात आपण मराठी माणसेही आलो. संमेलनाच्या अध्यक्षांची यादी आपल्याला पाठ असते. त्याच गावात, त्याच काळात रसायनशाळेत बसून कुजण्याचा हिशेब मांडणारा यशवंत वाड आपल्या यादीत येत नाही.

हे मी आबांना दूरध्वनीवर सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, "अहो, आम्ही कॉलेजात होतो तेव्हा आम्हाला तरी कुठे ठाऊक होते! हॉवर्डसाहेब, हॉवर्डसाहेब, एवढेच. वाडांचे नाव मी सत्तरीनंतर वाचले."

स्वातंत्र्यानंतर १९५९ साली या जागी शेतकी महाविद्यालय सुरू झाले. १९६४ साली जबलपूरला जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय निघाले तेव्हा ते त्याच्याकडे गेले, आणि २००८ साली ग्वाल्हेरला नवे कृषी विद्यापीठ झाल्यावर त्याच्याकडे. खुद्द इंदूरचे विद्यापीठ, ज्याला पुढे देवी अहिल्येचे नाव मिळाले, तेही १९६४ चेच. पाट्या बदलल्या, कारभाराची गावे बदलली, पण शेते तिथेच राहिली. शहर मात्र वाढत वाढत त्यांच्या चारी बाजूंना आले. शहराच्या पोटात मोकळी जमीन दिसली की तिच्यावर नजरा जातात. इंदूर काय नि ताळगाव काय, सारखेच.

२०२२ साली या शेतजमिनीचा काही भाग दुसऱ्या कामासाठी घेण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले. धरणे अनेक दिवस चालले. त्यांच्या बाजूने कॉलेजचे माजी विद्यार्थीही उभे राहिले. आबाही एक दुपार तिथे जाऊन बसले होते.

"तुम्ही काय बोललात तिथे?" मी विचारले.

"बोलायचे काय? पोरांच्या शेजारी बसलो. कुणी विचारले तर सांगत होतो, की वर्गाची इमारत उचलून दुसरीकडे बांधता येते. शेत उचलता येत नाही."

मला हे वाक्य विसरता आलेले नाही. आबा शास्त्रज्ञ नव्हेत, पदवी घेऊन पुढे त्यांनी बँकेत नोकरी केली. पण त्यांनी नेमके बोट ठेवले होते. एकाच जमिनीत वर्षानुवर्षे काय पेरले, काय घातले, किती पाऊस पडला, किती उगवले, याच्या नोंदी म्हणजे त्या मातीचे दप्तर. आमच्या कचेरीत जुनी फाईल हरवली तर निदान दुसऱ्या खात्यात तिची नक्कल सापडण्याची आशा असते. मातीच्या दप्तराला नक्कल नसते.

माजी विद्यार्थी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? स्नेहमेळावा, एकसारखे सदरे, जुन्या सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, जमलेल्या वर्गणीतून एखादा पाण्याचा कूलर आणि त्यावर तुकडीचे नाव. मीही अशा मेळाव्यांना गेलो आहे, वर्गणीही दिली आहे. त्यात वाईट काही नाही. पण आपण जिथे शिकलो तिथे नवी माणसे कोण आली, ती काय करू पाहताहेत, त्यांना प्रयोगशाळा आहे का, जमीन आहे का, त्यांच्या हाताखालच्याचे नाव कुठे छापले जाते का, हे आम्ही कधी विचारले नाही. नवा शिक्षक संस्थेला नवी नजर देतो, हे हॉवर्डने दाखवले. ती नजर पुढे चालवायला वाडांसारखा आत राहणारा माणूस लागतो. आणि हे दोघेही गेल्यावर संस्थेपाशी आठवण राखणारे कुणी उरत असेल तर ते तिचे विद्यार्थी. शिक्षक बदलीवर जातात, निवृत्त होतात. 'मी इथे शिकलो' हे वाक्य कधी निवृत्त होत नाही.

आज इंदूर वेगळ्याच कारणाने गाजते. २०१७ पासून स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात ते सलग अनेक वर्षे देशात पहिले आले. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, ओल्याचे खत. गोव्यातूनही अधिकारी, नगरसेवक ते पाहायला जातात. आपणही साळगावला २०१६ साली कचरा प्रक्रिया प्रकल्प उभारला, पणजीत घरोघरी कचरा वेगळा करण्याची सवय लागली, आणि तरीही सोनसड्याचे नाव काढले की मडगावकराचा चेहरा पडतोच. शहराच्या कचऱ्याचे खत करण्याचा विचार इंदुरात १९३४ साली छापून आला होता, हे पाहणी करून आलेल्यांपैकी कितीजणांना कुणी सांगितले असेल?

आबांनी मला त्या संध्याकाळी एक प्रश्न विचारला होता. "तुमच्या गोव्यात शेतकी कॉलेज आहे?" मी म्हटले, आता आहे. केपे तालुक्यात सुळकर्णा येथे डॉन बॉस्कोवाल्यांनी २०१५ साली काढले. त्याआधी आमची मुले दापोलीला जात, १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठ निघाले तेव्हापासून. नाही तर धारवाडला. आबा म्हणाले, "म्हणजे तुमचे कॉलेज अजून लहान आहे. त्याचे माजी विद्यार्थी अजून पोरेच. त्यांना सांगा, नोंदी नीट ठेवा म्हणावे. आणि नोंदी कोण ठेवतो त्याचेही नाव लिहा."

मी ते सांगायला कुठे गेलो नाही. आम्हा कारकुनांचे असेच असते. पण दुसरे एक केले. आमच्या गावच्या घरामागे गोठा होता. बाबा गेल्यावर गुरे विकली, गोठा पडला, कुळागर अर्धे रानाने खाल्ले. जमीन विकून टाकावी असे आम्हा भावंडांत बोलणे चालू होते आणि माझे त्याला नाही नव्हते. मळभ गेल्यावर, नोव्हेंबरात, मी दर रविवारी गावी जाऊ लागलो. शेजारच्या काकींच्या दोन गाई आहेत, त्यांच्याकडून शेण आणि गोठ्यातली माती मागून आणली. पोफळीच्या झावळ्या तोडून बारीक केल्या, आंब्या-फणसाचा पाला गोळा केला, चुलीतली राख घेतली. ३० फुटी खड्डा माझ्याच्याने होण्यासारखा नव्हता, सहा फुटी केला. काकी कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "हे तुझ्या आजीक येताले रे. तू इंदूर वचून शिकलो?"

ओशाळलो खरा. पण आजीने तारखा लिहून ठेवल्या नव्हत्या. मी एक दोनशे पानी वही केली आहे. खड्डा कधी भरला, किती पाट्या कशाच्या घातल्या, ढीग कितव्या दिवशी तापला, कधी उलटला, सगळे लिहितो. पहिली उलट सोळाव्या दिवशी जमली नाही, रजा मिळाली नाही म्हणून विसाव्या दिवशी झाली. तेही लिहिले. भावाला वही दाखवली. त्याने पाने चाळली, काही बोलला नाही. जमिनीचे बोलणे मात्र त्या दिवशी निघाले नाही.

वहीच्या पहिल्या पानावर मी तीन ओळी लिहिल्या आहेत. पद्धत : इंदूर, हॉवर्ड आणि वाड. शेण आणि माती : शेजारच्या काकी. झावळ्या तोडण्यास मदत : काकींचा नातू.